डेटा मंडळाची खुर्ची आणि आमच्या मावशीचा अंगठा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चोपडा तालुक्यात अनेर नदीच्या अलीकडच्या एका गावात मी बारा वर्षांपासून महा ई-सेवा केंद्र चालवते. सातबारा, उत्पन्नाचे दाखले, केळीचा विमा, पीएम किसानचं केवायसी, शेतकरी ओळख क्रमांक अशी सगळी कामं असतात. दिवसाकाठी पन्नास-साठ माणसं समोरच्या बाकावर बसून जातात आणि जाताना जवळजवळ प्रत्येक जण स्वतःचं काहीतरी माझ्याकडे सोडून जातो. कोणी आधारची झेरॉक्स, कोणी खात्याचा नंबर, कोणी अंगठा. म्हणून लोकांची खाजगी माहिती फुटली तर चौकशी करणाऱ्या देशाच्या डेटा संरक्षण मंडळाच्या अध्यक्षाची निवड कशी होणार, हे आपल्या दैनिकात वाचलं तेव्हा दिल्लीची बातमी म्हणून मला पान उलटता आलं नाही. ते कात्रण अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.

आधी मावशीचं सांगते. तिचं नाव लिहीत नाही. गावात सगळे तिला मावशीच म्हणतात. विधवा आहे, निराधार योजनेचे महिन्याला पंधराशे रुपये मिळतात आणि केळीच्या बागेत रोजाने जाते. गेल्या आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आठवडाभर आधी ती बँकेतून पासबुक भरून आणून माझ्यासमोर बसली. शिरपूरकडे दिलेली लेक सणाला येणार होती, तिला साडी घ्यायची होती, म्हणून किती पैसे काढता येतील ते बघ म्हणाली. मी पाहिलं तर खात्यात चारशे सोळा रुपये. तीन आठवड्यांपूर्वीची एक नोंद होती: आधारवरून अंगठा लावून साडेनऊ हजार काढलेले. त्या दिवशी मावशी दादर ज्वारीच्या खळ्यावर होती, दहा बायकांनी तिला तिथे पाहिलं होतं. "मना पैसा कथा ग्यात वं माय? मी कोणले बी आंगठा दिन्हा नही," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

बँकेचा मेसेज गेला होता, पण सुरतेला असलेल्या मुलाच्या नंबरवर. तो नंबर त्याने दोन वर्षांपूर्वीच सोडला होता. आम्ही दोघी बँकेत गेलो. तिथल्या साहेबांनी संगणकात पाहिलं आणि म्हणाले, "अंगठा जुळलाय, म्हणजे व्यवहार तुमचाच." मावशीने काउंटरवर आपला उजवा हात उलटा करून दाखवला. केळीच्या चिकाने काळा पडलेला, रेषा झिजून गुळगुळीत झालेला अंगठा. रेशनच्या मशीनवर चार-चार वेळा दाबून, ओल्या फडक्याने पुसून पुन्हा दाबूनही तो उमटत नाही, हे सगळं गाव जाणतं. तिचा स्वतःचा अंगठा तिला धान्य मिळवून देईना आणि कोण्या परक्याने लावलेला तिचा अंगठा पहिल्या फटक्यात जुळला.

सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या नंबरवर तक्रार केली, पोलिसांत अर्ज दिला. रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक आहे. चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही, अशा फसवणुकीत मेसेज आल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवलं तर ग्राहकावर भार पडत नाही. आम्ही तीन आठवड्यांनी कळवलं होतं. पैसे आले नाहीत.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त लागलं ते वेगळंच. गावाची पहिली नजर माझ्याकडे वळली. अंगठ्याचं मशीन गावात माझ्याकडेही आहे, मग संशय येणारच. आठ दिवस कोणी केंद्रात फिरकलं नाही. मी माझ्या मशीनच्या सगळ्या नोंदी काढून ग्रामपंचायतीत ठेवल्या, तेव्हा लोकांची खात्री पटली. मग एका संध्याकाळी मावशीला घेऊन बसले आणि वर्षभरात तिने कुठे कुठे अंगठा दिला ते दिनदर्शिकेच्या मागे लिहून काढलं. रेशन दुकान, सिमकार्डवाला, बँकेचा माणूस, हयातीचा दाखला, दिराने वाटणीच्या कागदावर घेतलेला अंगठा, बचत गटाचं कर्ज, दवाखान्याचं कार्ड, मी स्वतः दोनदा, आणि 'कुठली तरी योजना आहे' म्हणत गावात गाडी घेऊन आलेली दोन पोरं. नऊ ठिकाणं झाली. यातल्या कोणत्या ठिकाणाहून अंगठा फुटला, हे शोधायचं कोणी? बँक म्हणते पोलीस, पोलीस म्हणतात सायबर, सायबरवाले म्हणतात बँकेचं पत्र आणा.

हे शोधण्याचा अधिकार ज्यांना दिलाय ते म्हणजे हे मंडळ. माझी मुलगी जळगावला वकिली शिकते. ती दिवाळीत घरी आली तेव्हा २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आम्ही केंद्रातल्याच प्रिंटरवर काढला आणि ४४ कलमं ती वाचत गेली, मी ऐकत गेले. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले, तेही तिने मला समजावून सांगितले. एक गोष्ट मला फार भावली. आपले कायदे सगळीकडे 'तो' लिहितात, या कायद्यात मात्र माणसासाठी 'ती' वापरलंय आणि त्यात सगळे आले असं व्याख्येत स्पष्ट केलंय. मुलगी वाचत होती, 'तिची संमती', 'तिची तक्रार', 'तिचा हक्क', आणि माझ्या डोळ्यांसमोर मावशी होती.

पण जसजसं मंडळाचं प्रकरण येत गेलं तसतशी मी अस्वस्थ झाले. मंडळाचा अध्यक्ष आणि सदस्य केंद्र सरकार नेमणार. अध्यक्षाचं नाव सुचवणाऱ्या समितीचे प्रमुख मंत्रिमंडळ सचिव, सोबत विधी खात्याचे सचिव, माहिती तंत्रज्ञान खात्याचे सचिव आणि दोन तज्ज्ञ. त्यात ना न्यायाधीश, ना विरोधी पक्षाचा कोणी. आणि मुदत दोन वर्षांची. दोन वर्षांनी पुन्हा नेमता येईल, अर्थात सरकारची इच्छा असेल तर.

संपादक महोदय, दोन वर्षांत तलाठ्यालासुद्धा आपली सजा, म्हणजे त्याच्याकडची गावं, पुरती कळत नाही. कोणाचा बांध कुठे, कोणाचा वाद कोर्टात, कोणाच्या नावावर पोकळ नोंद, हे उमजेपर्यंत त्याच्या बदलीचे वारे वाहू लागतात. इथे तर अख्ख्या देशाची सजा आहे. नवीन कार्यालय, नवीन माणसं, कोरी पाटी. पहिलं वर्ष बसण्या-उठण्यात जाईल आणि दुसऱ्या वर्षी त्या खुर्चीतल्या माणसाला प्रश्न पडेल की आपल्याला पुन्हा नेमतील का. नेमका त्याच वेळी त्याच्यापुढे एखाद्या सरकारी खात्यातून फुटलेल्या यादीचं प्रकरण आलं तर?

ते येणारच. आमच्या भागात माणसांची सर्वांत जास्त माहिती कोणाकडे आहे, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? ती कोण्या परदेशी कंपनीकडे नाही. रेशन, निराधार, घरकुल, पीकविमा, शेतकरी ओळख क्रमांक, २०२४ च्या पावसाळ्यात पहाटेपासून रांगा लावून भरलेले लाडक्या बहिणींचे अर्ज, हे सगळं सरकारकडे आहे आणि माझ्यासारख्यांच्या हातून गेलेलं आहे. ज्याच्या घराची झडती घ्यायची त्याच्याच हाती झडती घेणाऱ्याची नेमणूक, हे आमच्या बाजारात कोणी मान्य करणार नाही. काट्यावर कापूस मोजणारा व्यापाऱ्याचाच माणूस असला की शेतकरी बाजूला उभं राहून आपला काटा मागतो.

आणि हे असंच असायला हवं होतं, असंही नाही. न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश. त्यांनी २०१२ मध्ये आधारविरुद्ध याचिका केली आणि त्यातूनच २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्याच सुमारास न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांची समिती बसली. मुंबईच्या दंगलींची चौकशी कोणाचीही भीड न ठेवता करणारे हे न्यायमूर्ती मराठी वाचकाला वेगळे सांगायला नकोत. त्यांच्या समितीने २०१८ मध्ये दिलेल्या मसुद्यात अध्यक्ष निवडणारी समिती सरन्यायाधीशांच्या किंवा त्यांनी नेमलेल्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली होती. २०१९ च्या विधेयकात न्यायाधीश गेले आणि सचिव आले. तरीही मुदत पाच वर्षांची होती आणि पुन्हा नेमणूक नाही, असं त्यात साफ लिहिलेलं होतं. ते विधेयक ऑगस्ट २०२२ मध्ये मागे घेतलं गेलं. वर्षभराने आलेल्या कायद्यात पाचाची दोन झाली आणि 'पुन्हा नेमणूक नाही'च्या जागी 'पुन्हा नेमता येईल' आलं. हा बदल एका ओळीचा आहे. त्या एका ओळीने खुर्चीचा पाया काढून घेतलाय, असं मला मनापासून वाटतं.

युरोपच्या कायद्यात अशा प्रमुखाची मुदत किमान चार वर्षांची ठेवावी लागते. ब्रिटनने २०१८ च्या कायद्यात माहिती आयुक्ताला जास्तीत जास्त सात वर्षं दिली आणि पुनर्नियुक्तीला मनाई केली. तिथे हे काम करायला न्यूझीलंडचे माजी खाजगीपणा आयुक्त जॉन एडवर्ड्स यांना बोलावलं. म्हणजे माणूस परका चालला, पण या कामात मुरलेला हवा होता. आपल्या कायद्यातही पात्रता वाईट नाही. डेटाचा कारभार, ग्राहक संरक्षण, तंटे सोडवणं, तंत्रज्ञान, कायदा यांचा अनुभव हवा, आणि निदान एक जण कायद्याचा जाणकार हवा, असं लिहिलंय. अध्यक्षाला महिना साडेचार लाख पगार आहे. एवढ्या मोठ्या जबाबदारीला तो जास्त आहे, असं मी म्हणणार नाही. चांगला माणूस यावा म्हणून पगार दिला, मग त्याने ताठ मानेने बसावं म्हणून मुदत का नाही दिली?

आता मावशीच्या बाजूने बघा. उद्या तिने या कायद्याखाली दाद मागायची ठरवली, तर आधी ज्याच्याकडून माहिती फुटली त्याच्याकडेच तक्रार. त्याला उत्तर द्यायला ९० दिवसांपर्यंत मुभा. मग मंडळ. तिथे चौकशीला सहा महिने, आणि कारण लिहून ती मुदत तीन-तीन महिन्यांनी वाढवता येते. मग दिल्लीत अपील न्यायाधिकरण, त्यांनी सहा महिन्यांत निकाल द्यावा अशी अपेक्षा. आमच्याकडे जूनमध्ये लावलेला कापूस दिवाळीला वेचणीला येतो. हे पीक दुसरी दिवाळी पाहील.

आणि शेवटी हाती काय येईल? सुरक्षेत कसूर केली म्हणून मंडळ २५० कोटींपर्यंत दंड करू शकतं. आकडा ऐकून मावशीचे डोळे मोठे झाले. पण तो दंड देशाच्या संचित निधीत जमा होणार. तिला त्यातला एक रुपया मिळण्याची सोय नाही. उलट माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३-अ मध्ये नुकसानभरपाईचा जो रस्ता होता, तोही या कायद्याने काढून टाकायचं ठरवलंय. आणि तक्रार खोटी किंवा बिनबुडाची ठरली तर तक्रारदारालाच दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. गेले साडेनऊ हजार आणि दंडाची भीती दहा हजारांची. हे मी मावशीला सांगितलं तेव्हा ती उठली आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे माय."

याच कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) मध्येही बदल केला, हे जाता जाता नमूद करते. घरकुलाच्या यादीत कोणाचं नाव घुसवलं, हे विचारलं तर 'वैयक्तिक माहिती' म्हणून कागद नाकारणं सोपं झालंय. आमच्या सासऱ्यांनी माहिती अधिकाराच्याच जोरावर एकदा माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठापर्यंत जाऊन गावातली बोगस नावं काढायला लावली होती. गरिबाचा अंगठा सांभाळायचा कायदा पुढाऱ्याची यादी झाकायला वापरला जाऊ नये, हे बघणंही त्या खुर्चीचंच काम आहे, असं मी समजते.

मी फक्त सरकारकडे बोट दाखवत नाही. मावशीच्या प्रकरणानंतर मी माझा मोबाइल उघडून पाहिला. लोक व्हॉट्सअॅपवर कागद पाठवतात आणि मी प्रिंट काढून देते. गॅलरीत मुलीच्या बारावीच्या निकालाचा फोटो शोधायला गेले, तर त्याच्या मागे-पुढे अनोळखी माणसांची आधार कार्डं, कोणाचं पॅन, कोणाच्या पासबुकाचं पहिलं पान, एका बाईचा सोनोग्राफीचा रिपोर्ट. दोन हजारांच्या वर फोटो. तो फोन माझा धाकटा मुलगा गेम खेळायला घेतो, बाजारात एकदा हरवताहरवता वाचला होता. टेबलाखाली उरलेल्या झेरॉक्सचा गठ्ठा होता, तो मी दर दिवाळीला रद्दीत द्यायचे. ती रद्दी कुठे जाते, भज्यांच्या गाडीवर की आणखी कुठे, याचा मी कधी विचारच केला नव्हता. मी चोर नाही, पण माझं दार उघडं होतं. ते फोटो पुसायला मला तीन रात्री लागल्या. आता काम झालं की माणसासमोरच फोटो पुसते, आणि वाया गेलेली झेरॉक्स त्याच्याच हाती देते. मला हे कोणी शिकवलं नाही. इतकी वर्षं पोर्टलची प्रशिक्षणं झाली, त्यात फॉर्म कसा भरायचा एवढंच सांगितलं. मंडळाने फक्त मोठ्या कंपन्यांच्या नोटिसा काढत बसण्यापेक्षा देशातल्या अशा लाखो टेबलांपर्यंत चार साध्या सूचना पोचवल्या, तरी निम्मी गळती थांबेल असा माझा अनुभव सांगतो.

म्हणून माझं मागणं मुदतीपासून सुरू होतं. अध्यक्षाला पाच वर्षं द्या आणि पुन्हा नेमणूक ठेवू नका. निवड समितीत न्यायाधीश घ्या. यासाठी कायदा बदलावा लागेल. जळगाव, रावेर, धुळे आणि नंदुरबार मिळून खान्देशातून चार खासदार लोकसभेत जातात. त्यांच्यापैकी एकाने तरी हा प्रश्न उभा करावा, पक्ष कोणताही असो. केळीच्या विम्यासाठी ते बोलतात, तसंच केळीवाल्याच्या अंगठ्यासाठीही बोलावं.

कायदा न बदलताही करता येण्यासारखं पुष्कळ आहे, ते अध्यक्षाच्या हाती आहे. मंडळाचं काम सगळं ऑनलाइन, दिल्लीला जायला नको, ही गोष्ट खरोखर चांगली आहे. पण सातपुड्यातल्या पाड्यांवर रेंजसाठी टेकडी चढावी लागते आणि पोर्टलवर लिहिता येणारा माणूस सापडत नाही. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती आहे, तिथे बायकांना आणि आदिवासींना मोफत वकील मिळतो. मंडळाने तक्रार घेण्याचं काम त्या समितीशी जोडावं. संमतीची नोटीस इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी मागेल त्या भाषेत मिळाली पाहिजे, असं कायदा म्हणतो. त्या २२ भाषांत आमची अहिराणी नाही, पाड्यांवरची पावरी नाही. नसेना का, पण तोंडी सांगितलेली तक्रार रेकॉर्ड करून घ्यायला कोणी अडवलंय? मावशीला मराठी कागद वाचून दाखवला तर ती मान हलवते, पण अहिराणीत विचारलं तर नऊ ठिकाणं सांगते. चौकशीला हे दुसरंच लागतं.

आणि सदस्य नेमताना एक तरी माणूस असा घ्या, ज्याने तालुक्याच्या ठिकाणी लोकांच्या तक्रारी हाताळल्या आहेत. ग्राहक मंचातला असेल, विधी सेवेतला असेल. 'सामाजिक किंवा ग्राहक संरक्षणाच्या कायद्यांचा अनुभव' हे शब्द कायद्यातच आहेत, ते कागदावर राहू नयेत.

मावशीचं बायोमेट्रिक आता आम्ही लॉक करून टाकलंय, नंबरही सुरतेचा काढून तिचा स्वतःचा जोडलाय. चोर आता अंगठा लावू शकत नाही, पण लॉक असताना रेशनही मिळत नाही. त्यामुळे धान्य आलं की ती आधी माझ्याकडे येते. ओटीपी येतो, मी थोड्या मिनिटांसाठी लॉक उघडते आणि ती पदराला हात पुसत समोरच्या रेशन दुकानाकडे धावत जाते. गेल्या महिन्यात तिकडच्या मशीनवर चार वेळा अंगठा दाबेपर्यंत वेळ संपली. ती परत आली, तोवर माझ्याकडची रेंज गेली होती. तिसऱ्या दिवशी गहू मिळाले.

आपली,
एक केंद्रचालक, ता. चोपडा, जि. जळगाव
(नाव व गाव छापू नये, ही विनंती. मावशी ओळखू येईल.)